दक्षिण मुंबईत तीन दिवस: नाटक, बागा आणि संग्रहालये, आई आणि लेकीला घेऊन

वऱ्हाडातला_पळस

नमस्कार मंडळी. डिसेंबरात अकोल्याहून मुंबईला येतेय. सोबत आई आणि लेक. आई सत्तरीची, गुडघे कुरकुरतात, पण नाटकाचं वेड जबरदस्त. लेक सातवीत आहे, दिवसभर चित्रं काढत असते. शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरू, सोमवारी सकाळी परत. मुक्काम गिरगावात ठाकूरद्वारला मावशीकडे.

मॉल, चौपाटीवरची गर्दी, नटनट्यांचे बंगले यातलं काही नको. आईला मोठ्या रंगमंचावर एक तरी मराठी नाटक बघायचंय, लेकीला चित्रं आणि मूर्ती. मला स्वतःला जुन्या बागा आवडतात. तीन दिवसांत हे सगळं जमेल का? कुठून सुरुवात करू? आईला फार चालवायचं नाही, पण टॅक्सीच्या काचेतून मुंबई दाखवून परत न्यायचीही नाही.

ठाकूरद्वार_नाका

पळसताई, मुक्काम गिरगावात आहे म्हणजे निम्मं काम झालंच. बाहेरगावचे लोक दक्षिण मुंबई म्हणजे गेटवे आणि मरीन ड्राइव्ह समजतात आणि गिरगावावरून गाडीने निघून जातात. नाटक, बाग आणि संग्रहालय या तिन्ही गोष्टी या शहरात आल्या त्या बऱ्याचशा एकाच पिढीच्या धडपडीतून, आणि त्या धडपडीच्या मध्यभागी आपले गिरगावकर नाना शंकरशेट होते.

ग्रँट रोडचं जुनं नाट्यगृह १८४६ साली नानांच्या जागेवर उभं राहिलं. १८५३ साली सांगलीहून विष्णुदास भाव्यांची मंडळी मुंबईत आली आणि तिथे तिकीट लावून त्यांनी खेळ केले. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, त्या कंपनीच्या संचालकांतही नाना होते. भायखळ्याची राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय उभं करायला जे लोक झटले त्यांत नाना आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही नावं पुढे. १९७५ पासून त्या संग्रहालयाला भाऊ दाजींचंच नाव आहे. आपल्या गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याचे ते. डॉक्टर, संस्कृतचे जाणकार, जुने शिलालेख वाचणारे.

ग्रँट रोडचं ते नाट्यगृह आता नाही, पण बाकीचं सगळं जागेवर आहे. म्हणून माझा आग्रह असा की तीन दिवसांचे तीन भाग पाडा आणि एका दिवशी एकच भाग धरा. रोज आधी संध्याकाळचा प्रयोग ठरवा, मग त्याच्या जवळचं जे असेल ते दिवसा बघा. भायखळा, कुलाबा आणि दादर एका दिवसात कोंबलंत तर आईंच्या वाट्याला फक्त सिग्नल येतील.

आणखी एक. गुडघ्यांसाठी आता मेट्रो तीन आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. गिरगाव स्थानक तुमच्या मावशींच्या दाराशीच म्हणा ना. पुढे काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. सगळीकडे लिफ्ट आहे. लोकलचे जिने चढायची गरज राहिली नाही.

रेघोट्या

लेकीसाठी लिहिते, मी चित्रकला शिकवते.

फोर्टातल्या काळा घोडा भागाला पूर्ण दिवस द्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तिन्ही एकमेकांपासून चार पावलांवर. आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, तुमच्या दिवसांत तो प्रश्न येत नाही. जहांगीरला प्रवेश मोफत. १९५२ पासून उघडी असलेली ही गॅलरी. तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. लेकीला सांगा, लाजू नकोस, रंग कुठला वापरला ते विचार. माझ्या विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा लोकांनी पिशवीतून ब्रश काढून दाखवले आहेत. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, तीही बघा.

वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची, आराखडा जॉर्ज विटेटचा, लोकांसाठी खुलं झालं १९२२ साली. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, तिथे लष्करी रुग्णालय होतं. आत शिरल्यावर सगळे मूर्तींकडे धावतात. तुम्ही आधी मधल्या हॉलमध्ये उभ्या राहा आणि वर बघा. तिथला कोरीव लाकडी मंडप नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणून बसवलेला आहे. खांबांवरची नक्षी हाताच्या अंतरावर दिसते. लेकीला वही द्या आणि एकच खांब काढायला सांगा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही. आई तोवर बाकावर निवांत बसतील.

त्यानंतर सिंधमधल्या मिरपूरखासचे मातीचे बुद्ध आणि लघुचित्रं. बाकीची दालनं सोडलीत तरी चालेल. सगळं बघायचा हट्ट धरला की मुलं पुन्हा संग्रहालयाचं नाव काढत नाहीत. आवारातच २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे आणि शेजारी जुनी गोरखचिंच, तिचं खोड लेकीला नक्की आवडेल. व्हीलचेअर मिळते, दाराशीच मागून घ्या.

पिंपळपान

रेघोट्याताईंच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण बागांबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो.

राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला जातात. जाऊ देत, मुलांना मजा येते. पण ही मुळात झाडांची बाग आहे. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती लावली गेली तेव्हा जगभरातून रोपं आणली होती. मुंबईत एका कुंपणाच्या आत इतकी जुनी आणि इतक्या तऱ्हांची झाडं दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? कैलासपतीच्या खोडालाच लोंबणारी फुलं आणि तोफगोळ्यांसारखी फळं, जाड खोडाची गोरखचिंच, आणि माझी सगळ्यात लाडकी उर्वशी. उर्वशी मूळची ब्रह्मदेशातली. तिच्या फुलांचा घोस खाली लोंबतो, लाल पाकळ्या आणि वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. ती फुलते साधारण थंडीच्या शेवटी, डिसेंबरात फुलं नसतील तर कोवळी पालवी बघा. तांबूस, मऊ, रुमाल वाळत घातल्यासारखी लटकलेली असते.

सकाळी बाग उघडताच आत शिरा. बुधवारी बंद. रविवारी जाऊ नका, आईंना गर्दीत ढकलाढकली होईल. शनिवार सकाळ त्यातल्या त्यात बरी.

संग्रहालयाशेजारी एक दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यापाशी थांबा. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला आणि इथेच राहिला. १९१४ साली तुकडे जोडून पुन्हा उभा केला. जवळून बघितलं तर अंगावरचे सांधे दिसतात. घारापुरीची लाँच आणि तिथल्या पायऱ्या आईंना झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी घारापुरीचा एवढा तुकडा भायखळ्यातच आहे.

चाळीतला_माणूस

भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल भर घालतो. लहान आहे, एका फेरीत होतं, आणि म्हणूनच लहान मुलांना घेऊन जायला उत्तम. १८७२ साली खुलं झालेली इमारत, २००३ ते २००८ या काळात तिची डागडुजी झाली. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आतले लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, छताचा हिरवट रंग. पण मी जातो ते मातीच्या छोट्या बाहुल्यांसाठी. जुन्या मुंबईतले व्यवसाय, जातीजमातींची पागोटी, घरं, खेळ, सगळं काचेच्या कपाटात. माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या पिढीच्याही आधीचा कामकरी माणूस कसा दिसायचा हे मी तिथे पाहिलं.

जाण्याआधी संग्रहालय चालू आहे का ते बघून घ्या. मधे दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद होतं.

परळ-लालबागचा विषय निघालाच आहे तर, १९२२ सालापासूनचं दामोदर नाट्यगृह आता पाडलं आहे. कामगार रंगभूमी तिथे वाढली. नव्या इमारतीत नाट्यगृह पूर्वीएवढंच व्हावं म्हणून रंगकर्मींनी आवाज उठवला. आम्हा परळकरांना त्याची वाट बघवत नाही. पळसताईंच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध नाही, पण जी नाट्यगृहं चालू आहेत तिथे माणसं गेली पाहिजेत, हे मला मनापासून वाटतं.

तिसरी_घंटा

आता नाटकाचं. मी सांगतो, आयुष्य यातच गेलं.

गिरगावात असाल तर पहिला मान साहित्य संघाचा. केळेवाडीत, चर्नीरोड स्टेशनपासून चालत. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालचा, नाट्यगृह साठच्या दशकातलं, डॉ. अ. ना. भालेरावांच्या नावाचं. मोठी व्यावसायिक नाटकं आता तिथे रोज लागत नाहीत, पण स्पर्धा, संगीत नाटकं, एकांकिका होतात. काही लागलं असेल तर जरूर जा. नाट्यसंगीत ऐकत मोठ्या झालेल्या बाईंना तिथे बसून काय वाटेल ते मी लिहून सांगू शकत नाही.

दुसरं रॉयल ऑपेरा हाऊस, तेही तुमच्या जवळच. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ इथे गायले. पुढे तिथे सिनेमे लागू लागले, १९९३ साली दारं बंद झाली आणि २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडली. देशात टिकून राहिलेलं हे एकच ऑपेरा हाऊस. नुसती इमारत बघायला आत सोडत नाहीत, कार्यक्रमाचं तिकीट काढूनच जावं लागतं. मधेमधे इमारत दाखवणाऱ्या फेऱ्या होतात, त्याची चौकशी करा. नाटक असो, गाणं असो, जे असेल त्याचं तिकीट काढा. बाजूचे जुने बॉक्स आणि डोक्यावरचा रंगवलेला घुमट यासाठी तेवढे पैसे सार्थकी लागतात.

तिसरं एनसीपीए, म्हणजे नाटक-संगीत-नृत्याचं राष्ट्रीय केंद्र, नरिमन पॉइंटला अगदी टोकाशी. १९६९ सालची संस्था. तिथलं टाटा थिएटर १९८० चं, अमेरिकी वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं. आवाज असा पोचतो की नटाने कुजबूज केली तरी मागच्या रांगेत ऐकू येते. पु. ल. देशपांडे तिथे मानद संचालक होते, पुढे विजयाबाई मेहतांनीही संस्थेची धुरा सांभाळली. मराठी नाटकांचा ‘प्रतिबिंब’ महोत्सव तिथे होतो. उशिरा गेलात तर आत सोडत नाहीत, अर्धा तास आधी पोचा. विधान भवन स्थानकावर उतरून टॅक्सी करा.

पण मोठं, भरलेलं, हशे-टाळ्यांनी दणाणणारं मराठी नाटक हवं असेल तर दादर गाठा. शिवाजी मंदिर, १९६५ पासून. रविवारी दुपारचा प्रयोग. मध्यंतरात बाहेर येऊन बटाटेवडा आणि चहा. गर्दी एवढी असते की कागदात गुंडाळलेला गरम वडा एका हातात, चहाचा कप दुसऱ्या हातात, आणि पहिली घंटा होईपर्यंत अनोळखी माणसाशी पहिल्या अंकावर चर्चा. हे एनसीपीएत मिळत नाही.

तिकिटं आता मोबाइलवर मिळतात, तरी मी अजून खिडकीवर जातो. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येतात, प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडणार ते तिथेच छापलेलं असतं. प्लॅन उघडण्याच्या दिवशी सकाळी मावशींना पाठवा. खिडकीवरच्या माणसाला आईंच्या गुडघ्याचं सांगितलं की तो बरोबर कडेची, पायऱ्या न लागणारी खुर्ची देतो. मोबाइलवरच्या नकाशात पायरी कुठे आहे ते कळत नाही.

नवी_मुंबईकर

मी थोडं वेगळं मत मांडते. आईंना एकच भव्य अनुभव द्यायचा असेल तर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०२३ साली सुरू झालेलं अंबानींचं सांस्कृतिक केंद्र का नको? दोन हजार आसनांचं थिएटर, चकचकीत सोयी, लिफ्ट, स्वच्छतागृहं. खरं सांगते, एका जुन्या नाट्यगृहात (नाव लिहीत नाही) माझ्या सासूबाईंना स्वच्छतागृहासाठी दोन जिने उतरावे लागले, तिथे दिवा नव्हता, फरशी ओली. त्यानंतर त्या नाटकाला यायला तयार नाहीत. जुन्याचं प्रेम मलाही आहे, पण सत्तरीच्या माणसाला घेऊन जाताना हे बघायला नको का?

तिसरी_घंटा

मुद्दा शंभर टक्के खरा. याबद्दल आम्ही प्रेक्षकांनीच बोललं पाहिजे, बाईमाणसाने मध्यंतरात पाणी न पिता बसायचं हे चालणार नाही. बीकेसीचं थिएटर सुंदर आहे, पण तिथे काय लागलंय ते आधी बघा. मराठी नाटक हवंय हे पळसताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय. सोयी आणि मराठी नाटक दोन्ही हवं असेल तर प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर बघा, २०२५ साली नूतनीकरण होऊन उघडलंय. माटुंग्याचं यशवंतही आहे. कुठेही गेलात तरी आधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर.

ओव्हलवरची_सावली

रविवार सकाळबद्दल. रविवारी फोर्ट मोकळा असतो, ऑफिसं बंद. ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेवर उभ्या राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, सगळं एकोणिसाव्या शतकातलं दगडी गॉथिक. पश्चिमेला १९३०-४०च्या दशकांतल्या गोल गच्च्यांच्या, सूर्यकिरणांच्या नक्षीच्या आर्ट डेको इमारती. मधे क्रिकेटचे दहा-बारा डाव एकमेकांत घुसलेले. समोरासमोरच्या या दोन रांगांनाच २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लेकीला एका बाजूची खिडकी आणि दुसऱ्या बाजूची बाल्कनी काढायला सांगा.

राजाबाई टॉवर १८७८ सालचा, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाचा. इरॉस सिनेमागृह तिथेच चर्चगेटसमोर, १९३८ चं, आता पुन्हा चालू झालंय.

एक सावधगिरी. फोर्टातल्या बऱ्याचशा खानावळी आणि इराणी हॉटेलं रविवारी बंद असतात. नाश्ता गिरगावातच करून निघा.

ठाकूरद्वार_नाका

नाश्त्याचं मी सांगतो: विनय हेल्थ होममध्ये मिसळ, आईंना साबुदाणा वडा. पणशीकरांकडे पियूष. मावशींना विचारलंत तर त्या रागावतील, घरचं सोडून बाहेर कशाला म्हणतील, ते तुम्ही सांभाळा.

आणि रविवारी फोर्टात असालच तर टाउन हॉलपर्यंत टॅक्सीने जा. १८३३ सालची ती इमारत, एशियाटिक सोसायटी. समोर तीस पायऱ्या आहेत, आईंनी चढू नयेत, समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावलीत बसावं. रविवारी आतही जाता येईलच असं नाही. पण आत नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. एखाद्या कामाच्या दिवशी कुणी त्या बाजूला गेलं तर बघून या.

रेघोट्या

एक राहिलं. डिसेंबराऐवजी फेब्रुवारीत जमलं असतं तर काळा घोडा महोत्सव मिळाला असता. १९९९ पासून भरतो, सगळे कार्यक्रम मोफत. गर्दी मात्र तुफान, आईंना नसतीच आवडली. त्या चौकातला पूर्वीचा एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. आता चौकात २०१७ चा नवा, स्वार नसलेला घोडा आहे. शनिवारी बागेत स्वारासकट जुना घोडा आणि आदल्या दिवशी चौकात नवा, दोन्ही काढून झाले की लेकीची वही भरली म्हणून समजा.

पिंपळपान

मलबार हिलही बघणार असाल तर फिरोजशाह मेहता उद्यान आणि समोरच्या बागेतला म्हातारीचा बूट, मुलांसाठी बांधलेलं बुटाच्या आकाराचं घर. सातवीतल्या मुलीला बूट लहान वाटेल, पण तिथून दिसणारी चौपाटीची कमान आईंना आवडेल. शेजारीच २०२५ साली झाडांच्या उंचीवरून जाणारा लाकडी निसर्गमार्ग सुरू झालाय. वेळ ऑनलाइन ठरवावी लागते, सकाळची घ्या. वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना कठडा. आईंना हात धरून आरामात नेता येईल.

वऱ्हाडातला_पळस

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ऑपेरा हाऊसमध्ये मास्टर दीनानाथ गायले हे ऐकल्यावर ती म्हणाली, तिथे काहीही असो, आपण जायचंच.

असं ठरवतेय: शुक्रवारी सकाळी मावशीकडे आराम, दुपारनंतर वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर. शनिवारी सकाळी राणीची बाग, हत्ती आणि भाऊ दाजी लाड, दुपारी झोप, संध्याकाळी ऑपेरा हाऊस किंवा साहित्य संघ, जिथे कार्यक्रम असेल तिथे. रविवारी सकाळी ओव्हल आणि दुपारी दादर. एनसीपीए आणि मलबार हिल पुढच्या खेपेला. शंका एकच, रविवारी ओव्हलवरून दादरला आईला कसं न्यावं?

तिसरी_घंटा

छान आखलंत. चर्चगेट किंवा हुतात्मा चौकातून मेट्रो पकडा आणि दादरला उतरा, शिवाजी मंदिर तिथून जवळ आहे. प्लाझा सिनेमासमोर म्हणालात तर कुणीही दाखवेल. जेवण नाटकाच्या आधी हलकंच ठेवा, मध्यंतरातल्या वड्याला जागा हवी. नाटक संपल्यावर लगेच परत फिरू नका. टॅक्सीने शिवाजी पार्कला जा. तिथल्या कट्ट्यावर आईंना बसवा, लेकीला मैदान हिंडू दे. दिवस मावळला की गिरगावची मेट्रो आहेच.

प्रयोगाची जाहिरात आली की इथेच टाकतो. प्लॅन उघडायच्या सकाळी मी तसाही खिडकीवर असतो, मावशींना यायची गरज नाही. संदेश पाठवून ठेवा, तीन खुर्च्या धरतो, कडेच्या.